शाळा चालू ठेवून शाळा बांधायची : जुन्या माध्यमिक शाळेच्या पुनर्बांधणीचं नियोजन

पुण्याच्या पेठेतल्या जुन्या शाळेची इमारत पाडायचं ठरलं की सगळ्यांचे डोळे नव्या नकाशाकडे लागतात. मजले किती, सभागृह केवढं, लिफ्ट बसेल का. अवघड भाग वेगळाच आहे. पाडकामाच्या पहिल्या दिवसापासून भोगवटापत्र (नवी इमारत वापरायची महापालिकेची परवानगी) हाती येईपर्यंत दोन-अडीच वर्षं सहज जातात, आणि त्या काळात शाळा रोज भरली पाहिजे. म्हणून आधी चालू शाळेचा आराखडा करा, नव्या इमारतीचा त्यानंतर.

पाडायची का, हे आधी ठरवा

इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर महापालिकेच्या यादीवरच्या अभियंत्याकडून स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. नुसत्या हातोडा चाचणीवर (रिबाउंड हॅमर) निर्णय घेऊ नका. ती फक्त पृष्ठभागाचा कडकपणा मोजते, आणि जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे उलट कडक झालेला असतो. आकडा चांगला दिसतो, आत सळई गंजत असते. अल्ट्रासॉनिक चाचणी आणि निवडक ठिकाणचे कोअर (आतून कापून काढलेले काँक्रीटचे नमुने) हवेतच. सोबत एक साधी तपासणी आग्रहाने मागा : ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन फवारायचं. चांगलं काँक्रीट गुलाबी होतं. रंग न आलेला थर सळईपर्यंत पोचला असेल, तर तिथलं संरक्षण संपलं आहे. हे पाहायला स्वच्छतागृहांखालचे कॉलम आणि जिन्याखालचा स्लॅब निवडा, पाणी तिथेच मुरतं.

दगड-चुन्याच्या भिंतींना यातल्या काही चाचण्या लागूच पडत नाहीत. तिथे भिंतीला आलेला फुगवटा, भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं आणि वाळवी बघायची. अशा भिंतींवर मागे कुणी सिमेंटचा गिलावा केला असेल, तर ओल आत कोंडून चुना भुसभुशीत होतो. गिलावा काढून पुन्हा चुन्याचा केला तर कित्येकदा तो भाग वाचतो. इमारत वारसा यादीत आहे का, हेही याच टप्प्यावर तपासा. नंतर कळलं तर सगळा नकाशा बदलावा लागतो.

जनरल रजिस्टर सगळ्यात आधी हलवा

बाक, कपाटं, प्रयोगशाळेतल्या बरण्या, सगळं पुन्हा मिळतं. जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रवेशाची मूळ नोंदवही, मिळत नाही. जातपडताळणीसाठी लोक आजोबांच्या नावाची नोंद शोधत शाळेत येतात. अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा धरला जातो. एक पान गहाळ झालं तर एखाद्या मुलीचा प्रवेश अडतो.

प्रत्येक खंडाची पानं मोजा, सलग क्रमांक टाका, आणि वरून धरलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढून घ्या. सपाट स्कॅनरवर पालथं दाबू नका, जुनी शिवण तुटते. फोटोच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवा. मूळ खंड सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते. ते लोखंडी कपाटात, पहिल्या मजल्यावर किंवा त्याहून वर ठेवा, विशेषतः शाळा नदीकाठच्या पेठेत असेल तर. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा तळमजल्यांवरच्या सामानाचं काय झालं, हे पुण्याला सांगायला नको. हलवण्याची तारीख, खंडांची संख्या आणि कुलपाची किल्ली कुणाकडे, हे मुख्याध्यापकांच्या सहीने लिहून ठेवा. दाखले देणारी खिडकी एकही दिवस बंद राहता कामा नये.

वर्ग कुठे भरणार

समजा २४ तुकड्या आहेत आणि एक बाजू पाडल्यावर १३ खोल्या उरतात. १२ खोल्यांत दोन पाळ्या बसतात, तेरावी खोली प्रयोगशाळेसाठी राखा. ती वर्गाला दिली की दहावीची प्रात्यक्षिकं कोलमडतात. सकाळची पाळी ७ ते १२, दुपारची १२.३० ते ५.३०. मधला अर्धा तास कमी करू नका. एका पाळीची सहाशे मुलं बाहेर आणि सहाशे आत, रिक्षा आणि व्हॅन त्याच गल्लीत. शक्य असेल तर येण्याचं आणि जाण्याचं फाटक वेगळं ठेवा. आवारात प्राथमिक वर्ग असतील तर त्यांना सकाळच्या पाळीत घालू नका, चौथीपर्यंतच्या वर्गांना सकाळी ९ ची मर्यादा २०२४ पासून आहे.

काही वर्ग दुसऱ्या इमारतीत न्यायचे असतील तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांची परवानगी आधी घ्या. शाळा दहावीचं परीक्षा केंद्र किंवा मतदान केंद्र असेल तर मंडळाला आणि निवडणूक शाखेलाही वेळेत कळवा. तात्पुरती स्वच्छतागृहं जुनी पाडण्याआधी वापरात आली पाहिजेत. मुलींच्या बाबतीत ही चूक झाली की हजेरी लगेच घसरते.

पैसा आणि ट्रस्ट

जमीन संस्थेची असली तरी ती विकणं, तारण ठेवणं किंवा लांब मुदतीने भाड्याने देणं धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय होत नाही. ‘मैदानाचा तुकडा द्या, इमारत बांधून देतो’ असा प्रस्ताव येतोच. आमच्या मते तो नाकारावा. इमारत पन्नास वर्षांनी पुन्हा बांधता येते, पेठेत मैदान पुन्हा मिळत नाही. देणग्या चेकने किंवा बँकेतून घ्या. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणगीदाराला प्राप्तिकरातली सवलत मिळत नाही. माजी विद्यार्थ्यांकडे ‘फूल ना फुलाची पाकळी’ मागण्यापेक्षा ‘एका वर्गाचा खर्च इतका’ असं सांगितलं की बॅचच्या बॅच एकत्र येते. अंदाजपत्रकात किमान दहा टक्के अनपेक्षित खर्चासाठी ठेवा. पाया खणताना जुनी विहीर किंवा हौद लागला तर तो पैसा लागतो.

काम कधी, कसं

पाडकाम दिवाळीच्या सुट्टीत, खोदाई वार्षिक परीक्षा संपल्यावर उन्हाळ्यात. पुण्याच्या जमिनीत थोड्या खोलीवर काळा पाषाण लागतो आणि ब्रेकरच्या आवाजात परीक्षा होऊ शकत नाही. जोतं पावसाच्या आत पूर्ण झालं नाही तर खड्ड्यात पाणी साचतं, कडा ढासळतात आणि शेजारच्या वाड्याच्या भिंतीला धोका होतो. म्हणून खोदाईआधी शेजाऱ्यांच्या भिंतींवरच्या तड्यांचे तारखेसह फोटो त्यांच्याच समोर काढा. पुढचे वाद निम्मे होतात. गणपतीचे दहा दिवस मालाच्या गाड्या बंद धरूनच वेळापत्रक करा.

६ बाय ८ मीटरच्या चार खोल्या आणि व्हरांडा मिळून एका मजल्याला सुमारे ४० घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे तयार मालाच्या ६ घनमीटरच्या सात गाड्या. गल्लीत गाडी वळते का, पंप कुठे उभा राहील आणि वाहतूक पोलीस कोणती वेळ देतात, हे आठवडाभर आधी नक्की करा. गाडी अडकली की माल घट्ट होतो आणि चालक ड्रममध्ये पाणी ओततो. तिथेच स्लॅब कमजोर होतो. असा माल परत पाठवा. ४० घनमीटरला किमान चार नमुने, प्रत्येकी तीन क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे). सात दिवसांचा निकाल आला तरी २८ दिवसांच्या निकालाची फाईल ठेवा. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू १४ दिवस, सहा मीटरपेक्षा लांब बीमखालचे २१ दिवस काढू द्यायचे नाहीत.

सळई बांधून झाल्यावर, स्लॅब भरण्याआधी, कॉलमच्या रिंगा स्वतः बघा. रिंगेची दोन्ही टोकं १३५ अंशांत वाकून आत शिरलेली हवीत. काटकोनात ठेवलेली टोकं भूकंपात उघडतात आणि कॉलम फुटतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का पुण्यातही जाणवला होता, आणि शाळेच्या इमारतीला भूकंपाचा भार साध्या घराच्या दीडपट धरायचा असतो. मुकादम ‘असंच करतात सगळीकडे’ म्हणेल. टोकं वाकवून घ्या.

मैदान, घंटा, शेजार

मैदानावर वाळू-खडी पसरू देऊ नका. निम्मं मैदान पत्र्याने वेगळं काढा आणि उरलेल्यात खो-खोचे खांब कायम ठेवा, संध्याकाळचा सराव चालू राहिला पाहिजे. स्नेहसंमेलनही रद्द करू नका. बांधकामाच्या काळात दहावीला असलेल्या मुलांच्या वाट्याला नवी इमारत येत नाही, निदान संमेलन तरी यावं. जुनी घंटा, कोनशिला आणि वर्गांतले सागवानी फळे पाडकामाच्या करारातून लेखी वगळा. नाहीतर भंगार म्हणून सगळं ठेकेदाराचं होतं.

गच्ची आणि स्वच्छतागृहांत फरशीआधी ७२ तास पाणी कोंडून बघा. ५०० चौरस मीटर गच्चीवर पुण्याच्या सुमारे ७०० मिलिमीटर पावसातून, वाया जाणारं वजा जाता, वर्षाला पावणेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी मिळतं, त्याचे पाइप आताच ठेवा. अग्निशमनाचा दाखला, लिफ्टचा परवाना आणि भोगवटापत्र येईपर्यंत एकही वर्ग आत नेऊ नका, उद्घाटनाची तारीख ठरलेली असली तरी. वर्ग आधी हलवा, मग ग्रंथालय. रजिस्टरांचं कपाट सर्वांत शेवटी, पहिला पावसाळा सरल्यावर. नवा गिलावा वर्षभर ओल सोडत असतो.