जपानची पहिली सहल: आधी मठातली एक रात्र ठरवा, मग बाकीचं

जपानचा पहिला बेत लोक मला दाखवायला आणतात, तेव्हा बहुतेकांचं दुखणं एकच असतं. टोकियो, हाकोने, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा, सगळं आठ दिवसांत. गाड्या वेळेवर धावतात म्हणून असा बेत पारही पडतो. पण संस्कृती अनुभवायची म्हणून निघालेला माणूस रोज बॅग भरतो, रोज बॅग उघडतो, आणि देवळांच्या आवारातून चप्पल घालून फिरून परत येतो. असल्या याद्या समाजमाध्यमांवर ढिगानं फिरतात. त्या बाजूला ठेवा.

माझी पद्धत उलटी आहे. पारंपरिक छपराखाली काढायची एक रात्र आधी पक्की करा आणि बाकीचे दिवस तिच्याभोवती बसवा. पहिल्या खेपेला ती रात्र कोयासान डोंगरावरच्या बौद्ध मठात काढावी, असं मी प्रत्येकाला सांगते. पासपोर्ट, व्हिसा, विमा ही तयारी तुम्ही कराल असं धरून चालते.

१. तारखा

चेरीचा बहर पहिल्या सहलीसाठी सोडून द्या. तो मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला येतो, दरवर्षी थोडा मागेपुढे होतो, आणि त्या दिवसांत क्योतोत खोली मिळणं आणि परवडणं दोन्ही अवघड. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल, तर एप्रिलच्या शेवटापासून ५-६ मेपर्यंतचा ‘गोल्डन वीक’ टाळा. सगळा जपान तेव्हा घराबाहेर पडलेला असतो. त्यानंतरचा आठवडा उत्तम. दिवाळीची सुट्टी तर सर्वांत चांगली. कोयासान सुमारे आठशे मीटर उंचीवर असल्यामुळे तिथली पानं ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच लाल होतात, क्योतोच्या दोन-तीन आठवडे आधी.

२. मार्ग

टोकियोला उतरा, ओसाकाहून परत या. मध्ये क्योतो, तिथूनच एका दिवसात नारा, आणि शेवटी कोयासान. नऊ-दहा दिवसांना एवढं पुरे.

या मार्गासाठी सात दिवसांचा जपान रेल पास घेऊ नका. त्याची किंमत ऑक्टोबर २०२३मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाली, तरी जुने सल्ले अजून फिरताहेत. टोकियो-क्योतो शिन्कान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, तिकीट साधारण १४,००० येनला सुटं मिळतं. शहरात गाड्या-बसच्या भाड्यासाठी सुइका किंवा इकोका कार्ड घ्या.

नारात तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाच्या मूर्तीसमोर उभे राहाल तेव्हा एक गोष्ट ध्यानात असू द्या. इसवी सन ७५२मध्ये या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूनं केला होता.

३. मठातली रात्र

आता खरं काम. कोयासान हे शिंगोन बौद्ध पंथाचं ठाणं, कुकाइ या भिक्षूंनी, म्हणजेच कोबो दाइशींनी, ८१६मध्ये वसवलेलं. डोंगरावर शंभराहून जास्त मठ आहेत आणि त्यांतले पन्नासेक प्रवाशांना मुक्कामाला ठेवतात. अशा मुक्कामाला शुकुबो म्हणतात. ओसाकातल्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई रेल्वेनं गोकुराकुबाशी, तिथून केबल कार, वर बस. वाट सोपी आहे. अवघड आहे ती बुकिंगची बोलणी, आणि त्यातही जेवणाची. माझी सर्वांत जास्त दमछाक याच टप्प्यावर झाली आहे, म्हणून इथं सविस्तर सांगते.

शुकुबो म्हणजे हॉटेल नव्हे. दर बहुधा खोलीचा नसून माणशी असतो आणि त्यात रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. जेवण साडेपाच-सहालाच वाढतात. म्हणून दुपारी चार, फार तर पाचपर्यंत पोचायचंच. “रात्री नऊला पोचू, काहीतरी खाऊन येऊ” हे चालत नाही. दार बंद असतं. बहुतेक ठिकाणी न्हाणीघर सामायिक असतं, बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं. आधी बाहेर बसून साबणानं स्वच्छ अंघोळ, मग कपड्यांशिवाय गरम पाण्याच्या हौदात. लाज वाटत असेल तर स्वतःचं न्हाणीघर असलेली खोली मागा. थोड्या मठांत मिळते, महाग मिळते.

आता जेवण. शाकाहारी लोकांना मी पहिल्यांदा हे सांगते, की जपानमध्ये नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून काही साधत नाही. अडचण मांसाच्या तुकड्याची नाही, ‘दाशी’ची आहे. दाशी म्हणजे तिथल्या स्वयंपाकाचं मूळ पाणी. ते बहुतेक वेळा कात्सुओबुशी घालून करतात, म्हणजे वाळवून, धुरी देऊन लाकडासारखा टणक केलेला आणि पातळ किसलेला मासा. मिसो सूप, उदोन-सोबा या नूडल्सचा रस्सा, तेम्पुरा या तळणीबरोबरची चटणी, मुळ्याची उकडलेली भाजी, सगळ्यात ते असतं. समोर निव्वळ भाजी दिसते, पण शिजलेली असते माशाच्या पाण्यात. क्योतोजवळच्या एका सरायीत मला अगदी मनापासून ‘शाकाहारी’ ताट वाढलं होतं. टोफूवर माशाचा कीस वाफेनं हलत होता. वाढणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर फसवणुकीचा लवलेश नव्हता. त्यांच्या हिशेबी ते शाकाहारीच होतं.

म्हणून बुकिंग करतानाच लिहून कळवा, पोचल्यावर नाही. पारंपरिक सरायीत जेवणाचा बेत आणि बाजार आधीच झालेला असतो. संध्याकाळी पाचला सांगितलंत तर स्वयंपाकघराला वेठीला धरता आणि तुमच्या पानात भात-लोणचं उरतं. वाक्य असं: “निकु मो साकाना मो, साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन.” मांस, मासे आणि माशांची दाशी, तिन्ही खाता येत नाही. पुढे जोडा: “कोम्बु-दाशी वा दाइज्योबु देसु,” म्हणजे समुद्री वनस्पतीची दाशी चालेल. अंडं नको असेल तर ‘तामागो’ वेगळं सांगा. जपानी जाणणाऱ्याकडून हे जपानी लिपीत कार्डावर लिहून घ्या आणि सहलभर खिशात ठेवा. भाषांतराच्या ॲपवर ऐन जेवणाच्या वेळी विसंबू नका, दाशीचा मुद्दा नेमका तिथंच निसटतो.

शुकुबो यासाठीच निवडायचा. तिथलं परंपरागत जेवण ‘शोजिन र्योरी’ असतं: मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, दाशी कोम्बु आणि शिताके मशरूमची. लाखेच्या तांबड्या-काळ्या तबकांत तिळाचं मऊ गोमा-दोफू येतं, गोठवून वाळवलेल्या टोफूचं रसदार कोया-दोफू येतं, भाज्यांचा तेम्पुरा, स्वच्छ सूप, भात, लोणची. आपल्याला हवं ते आणि जपानी परंपरेतलं अस्सल ते, दोन्ही एकाच पानात मिळण्याची ही जागा आहे. तरी दाशीची खात्री बुकिंगच्या वेळी करून घ्याच. जैन कुटुंबांना वेगळं सांगते: गाजर, मुळा, गोबो, कमळाचं मूळ हे शोजिन जेवणात सर्रास असतं. कंद चालत नसतील तर तेही आधीच लिहा.

सहली विकणारे “मसाल्याची पाकिटं, ठेपले, तयार उपमा घेऊन चला” म्हणतात. प्रवासात भूक भागवायला जरूर न्या. पण मठातलं पान सोडून खोलीत उपमा भिजवत बसणार असाल, तर डोंगरावर यायचे कष्ट घेऊ नका.

पहाटेची प्रार्थना चुकवू नका. सहा-साडेसहाला असते. मांडी घालून बसलं तरी चालतं, फक्त वेळेवर या आणि मधून उठू नका. काही मठांत होमही होतो. लोकांनी इच्छा लिहून दिलेल्या लाकडी पट्ट्या अग्नीत अर्पण करतात. आपल्याकडच्या माणसाला तिथं फार समजावून सांगावं लागत नाही.

न्याहारीनंतर ओकुनोइन. दोन किलोमीटरची वाट, दुतर्फा उंच देवदारासारखी सुगी झाडं आणि दोन लाखांहून जास्त समाध्या. घाईनं चालू नका, दगड बघा. चौकोन, गोल, त्रिकोण असे पाच आकार एकावर एक रचलेले दिसतील. ती पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पंचमहाभूतं. त्यांवर सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं कोरलेली असतात. ही लिपी ब्राह्मीतून आलेली, त्यामुळे वळणं ओळखीची वाटतात. वाटेच्या टोकाला कोबो दाइशींचं स्थान. ८३५पासून ते तिथं ध्यानातच आहेत अशी श्रद्धा आहे. आळंदीच्या संजीवन समाधीवर श्रद्धा असलेल्याला हा भाव लगेच पोचतो. त्यांच्यासाठी रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला भिक्षू जेवणाची पेटी वाहून नेतात. साडेदहाची वेळ गाठा. गोब्योबाशी पुलापलीकडे फोटो काढायला मनाई आहे. फोन खिशातच राहू द्या.

४. सामान

मोठी बॅग क्योतोच्या हॉटेलातून ताकुहाइबिन या सामान पोचवणाऱ्या सेवेनं थेट ओसाकाच्या हॉटेलात पाठवा, सहसा दुसऱ्या दिवशी पोचते. मठात एका रात्रीची पिशवी आणि उबदार कपडे. ततामीवर, म्हणजे खोलीतल्या गवती चटईच्या जमिनीवर, चाकांची बॅग ओढायची नसते आणि सपाताही घालायच्या नसतात.

५. वागणं

शिंतो देवळात दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एक नमस्कार. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत. युकाता हा सुती झगा घालताना डावी बाजू वर. उजवी वर फक्त मृतांना घालतात. क्योतोत गिओनच्या खासगी गल्ल्यांत २०२४पासून पर्यटकांना बंदी आहे. गेइशांमागे, म्हणजे तिथल्या पारंपरिक कलावंत स्त्रियांमागे, कॅमेरा घेऊन धावणं हा त्यांना दिलेला त्रास आहे. करू नका.

६. तिकिटं

सुमो कुस्तीच्या मोठ्या स्पर्धा वर्षातून सहाच, प्रत्येक पंधरा दिवसांची. मे महिन्यात जाणार असाल तर टोकियोची मिळेल, तिकीट आधी काढा. काबुकी हे पारंपरिक नाटक अख्खं बघायला चार-चार तास लागतात, पण टोकियोच्या काबुकीझा नाट्यगृहामध्ये एका अंकाचं स्वस्त तिकीट मिळतं. पहिल्यांदा तेच घ्या.

आणि कोयासानहून निघायच्या दिवशी बसची वेळ आदल्या रात्रीच बघून ठेवा. गावातून केबल कारच्या स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पायी चालायला परवानगी नाही. बस चुकली तर पुढच्या बसची वाट पाहावी लागते.