रंगाचं पाणी कोळशाने स्वच्छ करताय? या चुका टाळा

वडगाव, खासबाग, शहापूर. बेळगावच्या या भागांत मागाचा आवाज ऐकत मोठी झालेली पोरं मी शिकवतो. रंगवलेल्या सुताची लडी पिळून झाली, की उरलेलं पाणी गटारीत आणि तिथून नाल्यात जातं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. बळ्ळारी नाल्याच्या काठाला भातशेती आहे, हेही त्यांना ठाऊक असतं. त्यामुळे विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की कुणीतरी हा विषय घेतंच: पाण्यातला कृत्रिम रंग कोळशाने, भाताच्या तुसाने किंवा उसाच्या चिपाडाने काढायचा. विषय फार चांगला आहे. पण त्याच त्या चुकांपायी दोन-दोन महिन्यांची मेहनत वाया जाते, म्हणून हे लिहितोय.

रंगावर कोणता विद्युतभार आहे (धन की ऋण), हे न बघता सामान निवडणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. दोन मुलांनी खानापूरकडून भाताचं तूस आणलं, धुतलं, जाळून काळं केलं. मिथिलीन ब्लू या प्रयोगशाळेतल्या निळ्या रंगाचं पाणी त्यातून अर्ध्या तासात जवळपास बिनरंगी झालं आणि दोघं खूश झाले. मग एकाने शेजारच्या मामांकडून लडी रंगवलेलं खरंखुरं लाल पाणी आणलं. त्याला दिवसभर ढवळलं तरी फरक पडेना. मुलांना वाटलं, तूस नीट जळलं नाही. तूस ठीकच होतं, रंगाची जातच वेगळी होती.

अधिशोषण म्हणजे रंगाचे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागावर चिकटून बसणं. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, सारखे भार दूर ढकलतात. मिथिलीन ब्लू धन भाराचा आहे. तूस आणि चिपाड यांचा पृष्ठभाग साध्या पाण्यात बहुधा ऋण असतो, म्हणून हा रंग त्यावर पटकन बसतो. सुती सुताला लावतात ते रिअॅक्टिव्ह रंग मात्र सल्फोनेट गटांमुळे ऋण असतात. त्यात ते सोड्यात पक्के केले जातात, त्यामुळे पाण्याचा पीएच १० ते ११ पर्यंत गेलेला असतो आणि पृष्ठभाग आणखी ऋण होतो. मग रंग चिकटणार कसा?

म्हणून आधी रंगवणाऱ्याला विचारा, धागा कोणता? सुती असेल तर रिअॅक्टिव्ह किंवा डायरेक्ट, रेशीम किंवा लोकर असेल तर अॅसिड रंग. हे सगळे ऋण. अॅक्रिलिक असेल तर बेसिक, म्हणजे धन भाराचे. पॉलिस्टरच्या डिस्पर्स रंगांना भारच नसतो, ते पाण्यात नीट विरघळतही नाहीत. ऋण रंग असेल तर पाण्याचा पीएच ६ च्या आसपास किंवा त्याखाली आणा आणि तुसाऐवजी चांगला सक्रिय कोळसा घ्या. त्याच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग साधारण ५०० ते १५०० चौरस मीटर असतो. चुलीतल्या कोळशाला ती सर नाही. कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारा पदार्थ) वापरणार असाल तर सांभाळा. आम्लात त्याच्यावर धन भार येतो हे खरं, पण साधं कायटोसान व्हिनेगरसारख्या आम्लात विरघळूनही जातं. ते आधी बंधित करून, म्हणजे त्याच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना जोडून, गोळ्यांच्या रूपात वापरावं लागतं.

रंग बदलला म्हणजे गेला, असं समजणं

काँगो रेड पीएच ३ च्या खाली निळा होतो. मिथिल ऑरेंज ३.१ च्या खाली लाल, ४.४ च्या वर पिवळा. आम्ल घातल्यावर लाली नाहीशी झाली, की मुलं टाळ्या वाजवतात. रंग तिथेच असतो. आधीचा आणि नंतरचा नमुना एकाच पीएचला आणून, त्याच तरंगलांबीवर मोजा. मिथिलीन ब्लूसाठी ती ६६४ नॅनोमीटरच्या आसपास आहे. कलरीमीटरचं (पाण्याच्या रंगाची गडदता मोजणाऱ्या यंत्राचं) वाचन १ च्या वर गेलं तर नमुना पातळ करा, नाहीतर वाचन आणि रंगाचं प्रमाण यांचा सरळ रेषेचा हिशेब लागू पडत नाही.

मोजण्यातली दुसरी फसगत फिल्टर पेपरची. तो सेल्युलोजचा असतो आणि मिथिलीन ब्लू त्यालाही चिकटतो. कोळसा अजिबात न घालता नुसतं रंगाचं पाणी त्या कागदातून गाळून बघा. गाळलेलं पाणी फिकं दिसलं तर ते श्रेय कोळशाचं नाही. सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून कोळसा तळाशी बसवणारं यंत्र, मिळत असेल तर तेच वापरा.

फक्त टक्केवारी सांगणं

समजा १०० मिलिलिटर पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम रंग आहे. ०.२ ग्रॅम कोळसा टाकल्यावर लिटरला ५ मिलिग्रॅम उरला. काढलेला रंग ९० टक्के, पण एका ग्रॅमने धरलेला रंग २२.५ मिलिग्रॅम. आता कोळसा दुप्पट केला आणि २ उरला, तर टक्केवारी ९६ झाली आणि ग्रॅममागचा आकडा १२ वर आला. म्हणजे कोळसा वाया गेला. दोन्ही आकडे लिहा. परीक्षकही हेच विचारतात, आणि रंगकाम करणाऱ्याला खर्च काढायला दुसराच आकडा लागतो.

कच्चं चिपाड, कोरडा कोळसा

न धुतलेल्या चिपाडातून साखर आणि पिवळसर पदार्थ पाण्यात उतरतात. रंग जातो, पण पाण्याची ऑक्सिजनची मागणी वाढते, म्हणजे हे पदार्थ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खर्च होतो. उकळत्या पाण्याने धुवून, वाळवून मगच वापरा. नळीत कोळसा भरायचा असेल तर तो रात्रभर पाण्यात भिजवा. कोरड्या कणांच्या छिद्रांत हवा अडकते आणि पाणी एका वाटेने सुसाट निघून जातं. आधी वाळूतून गाळा, म्हणजे तोंडाशी गाळ साचणार नाही. पाण्याला कोळशाशी निदान १५-२० मिनिटं राहू द्या.

पारदर्शक पाणी म्हणजे स्वच्छ पाणी नव्हे. रिअॅक्टिव्ह रंगात लिटरला ५० ग्रॅमपर्यंत, गडद छटेला त्याहूनही जास्त मीठ घालतात. कोळसा ते काढत नाही. असं पाणी भाताला सोडलं तर रोप करपतं. ब्लीचिंग पावडर टाकून रंग घालवणं तर अजिबात नको. रंग दिसेनासा होतो, पण क्लोरीन लागलेले सेंद्रिय पदार्थ उरतात.

वापरलेला कोळसा उकिरड्यावर

कोळशाने रंग नष्ट होत नाही, तो कोळशावर जाऊन बसतो. एक प्रयोग नक्की करा. वापरलेल्या कोळशाचा चमचाभर भाग तीन वाट्यांत घ्या: एकीत साधं पाणी, एकीत पाणी आणि व्हिनेगर, एकीत पाणी आणि धुण्याचा सोडा. झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी पांढऱ्या बशीत ओतून बघा. धन रंग आम्लात सुटतो, ऋण रंग सोड्यात. उकिरड्यावर, पावसात, शेणखतात नेमकं असंच होतं. शाळेतला कोळसा बंद डब्यात, बाहेर रंगाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. रंगकामाच्या जागी तो मोठ्या प्रमाणात साठत असेल, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या घातक कचऱ्याच्या केंद्राकडेच द्या.