जुन्या फोटोतली अनोळखी स्पोर्ट्स कार ओळखायची ट्रिक

सोलापुरात मिलच्या जमान्यातल्या घरच्या अल्बममध्ये कधीकधी अशी एखादी टू-सीटर दिसते की कुठल्याच कंपनीच्या मॉडेलशी जुळत नाय, आणि मग लोक बॉनेट, मडगार्ड बघून नेटवर शोधत बसतात. तिथंच गडबड होते राव. बॉडी कुणीतरी वेगळ्यानं ठोकून बनवलेली असते, खालची चासी (गाडीचा सांगाडा) आणि इंजिन मात्र साध्या गाडीचं, म्हणून बॉडी सोडा आणि जे बदलणं महागात पडतं ते बघा.

पहिलं चाक. फोटो झूम करून बोल्ट मोजा, फियाट ११०० ला ४ असतात, १९६६ च्या आधीच्या फोक्सवॅगन बीटलला ५. मग नाकाला जाळी आहे का? नसेल तर इंजिन मागं असायची शक्यता जास्त. डॅशबोर्ड दिसत असेल तर लॉटरीच, कारण मीटरवर स्मिथ्स लिहिलं असेल तर बहुतेक इंग्लिश गाडी, वेग्लिया असेल तर इटालियन, व्हीडीओ (VDO) असेल तर जर्मन. दरवाजाच्या खाली किंवा पुढच्या चाकामागं छोटा बिल्ला असतो, तो बॉडी बनवणाऱ्याचा, जसा झागातो या इटालियन बॉडी बनवणाऱ्या कंपनीचा झेड.

नंबरप्लेटवर फार भरवसा नको. एमएच-१३ दिसलं तर फोटो १९८९ च्या आधीचा नाय एवढंच कळतं, गाडी कितीपण जुनी असू शकते.

आणि हो, मोबाइलनं फोटोचा फोटो काढू नका, स्टुडिओतून १२०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या, नायतर बोल्ट काय, अख्खं चाकच धूसर दिसतंय.