वर्गासाठी आरएसएस फीड वापरताय? मग या चुका टाळा

वर्गात वाचायला द्यायच्या साईट रोज एकेक उघडून नवीन काय आलंय बघत बसण्यापेक्षा फीड (साईटने दिलेली, आपोआप अपडेट होणारी नव्या लेखांची यादी) लावणं कधीही बरं, नवीन लेख आपोआप रीडरमध्ये, म्हणजे फीड वाचायच्या ॲपमध्ये किंवा साईटवर येतो, तारखेप्रमाणे लागतो, मधे कुठला अल्गोरिदम ठरवत नाही काय दाखवायचं ते. तरीही कितीतरी शिक्षक उत्साहाने सुरू करतात आणि थोड्याच दिवसांत "फीड चालतच नाही" म्हणून सोडून देतात. वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा फीड व्यवस्थित असतं, गडबड पत्त्यात असते.

बहुतेक रीडरना साईटचा साधा पत्ता दिला तरी ते फीड शोधून काढतात. नाही सापडलं तर वर्डप्रेसच्या साईटला पत्त्याच्या शेवटी स्लॅश फीड लावून बघा, ब्लॉगरवर असेल तर स्लॅश फीड्स स्लॅश पोस्ट्स स्लॅश डिफॉल्ट. क्रोममध्ये असा पत्ता उघडला की टॅगच टॅग भरलेलं पान दिसतं आणि लोक घाबरून बंद करतात, साईट बिघडली असं वाटतं. अहो, तेच तर फीड आहे! वरचा पत्ता कॉपी करा आणि रीडरमध्ये टाका.

इथेच अजून एक घोळ होतो आणि वर्गासाठी तो जास्त महत्त्वाचा. वर्डप्रेसची साईट बऱ्याचदा दोन फीड देते, एक लेखांचं आणि एक कमेंटचं, रीडर दोन्ही समोर ठेवतो आणि घाईत दुसऱ्यावर क्लिक होतं. मग मुलांसमोर लेखाऐवजी कोणीही काहीही लिहिलेल्या कमेंट येऊन पडतात. जोडल्यावर पहिल्या चार-पाच नोंदी स्वतः उघडून बघा, मगच मुलांना दाखवा.

जुनं सगळं फीडमध्ये मिळेल ही अपेक्षाही सोडा. वर्डप्रेसच्या फीडमध्ये सेटिंग बदललं नसेल तर शेवटचे १० लेख असतात, यूट्यूब चॅनलच्या फीडमध्ये शेवटचे १५ व्हिडिओ. त्यामुळे प्रोजेक्टच्या आदल्या दिवशी फीड जोडून उपयोग नाही, सत्राच्या सुरुवातीलाच जोडा म्हणजे साठत जातं. तसंच पोस्ट टाकली की त्याच क्षणी दिसेल असंही नसतं, रीडर ठराविक वेळाने जाऊन बघतो, फ्री अकाउंटवर तर कधीकधी तासाच्या वर जातो, म्हणून वर्गात लाइव्ह दाखवायचं असेल तर आधी रिफ्रेश करून ठेवा.

पन्नास फीड जोडणं ही तर हमखास चूक, न वाचलेल्याचा आकडा फुगत जातो आणि मुलं रीडर उघडायचंच टाळतात. पाचवर सुरू करा. मोठ्या साईटचं सगळं घेण्यापेक्षा एका विषयाचंच फीड मिळतं का बघा, वर्डप्रेसवर कॅटेगरीच्या पानाच्या पत्त्यालाही स्लॅश फीड चालतं. आणि मला स्वतःला सगळ्यात आवडणारा वापर म्हणजे विकिपीडिया! कुठल्याही लेखाच्या इतिहासाच्या पानावर साधनांमध्ये ॲटम (आरएसएससारखाच फीडचा एक प्रकार) फीडची लिंक असते, ती जोडली की त्या लेखात कोणी काय बदललं, काय खोडलं, का खोडलं हे मुलांना डोळ्यांसमोर दिसतं, माहिती कशी तपासली जाते हे समजवायला यापेक्षा चांगलं काही मला तरी माहीत नाही.

चालू असलेलं फीड अचानक थांबलं तर लगेच काढून टाकू नका. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा फीड व्हॅलिडेटर, म्हणजे फीड तपासायचं ऑनलाइन साधन आहे, फुकट, त्यात पत्ता टाकला की चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगतो. तिथे सगळं ठीक दिसलं तर मोबाईल डेटावर उघडून बघा, तिथे उघडत असेल तर बहुधा शाळेच्या नेटवर्कचा फिल्टर अडवतोय. व्हॅलिडेटरला पानच सापडलं नाही तर साईटने पत्ता बदललेला असू शकतो, नवीन शोधून जोडा.

आता मुलांचे ब्लॉग. सगळ्यांचे ब्लॉग एकाच रीडरमध्ये वाचता येतात ही खरंच मोठी सोय आहे, पण पासवर्ड लावलेल्या ब्लॉगचं फीड रीडरला सहसा वाचता येत नाही, आणि मग केवळ फीड यावं म्हणून ब्लॉग पब्लिक केले जातात. हे कृपया करू नका. पब्लिक फीड कोणीही जोडू शकतं, आणि एकदा कोणाच्या रीडरमध्ये गेलेला लेख मुलाने नंतर डिलीट केला तरी तिथे राहू शकतो, नावासकट. ब्लॉग बंदच राहू द्या, ते हाताने उघडून वाचा, थोडा वेळ जाईल पण चालेल.

आणि ओपीएमएल एक्स्पोर्ट, म्हणजे जोडलेल्या सगळ्या फीडची यादी एका फाईलमध्ये काढून ठेवणं, विसरू नका. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा ज्यांनी आपली यादी काढून घेतली होती ते दुसऱ्या रीडरवर सहज गेले. सेटिंगमध्ये एक्स्पोर्टचं बटण असतं, दर सत्राला एक फाईल काढून ठेवा, पुढच्या वर्षी तोच विषय दुसऱ्या कोणी घेतला तर त्यांनाही ती जशीच्या तशी इम्पोर्ट करता येते.