ईगल्सने यंदा कोणाला घ्यावे? ड्राफ्टचा वाद घालताना या चुका टाळा

एप्रिल जवळ आला की फिलाडेल्फियाच्या आसपास राहणाऱ्या आमच्या मराठी मित्रमंडळात दुसरा विषय निघत नाही. चहा निवतो, पोहे बशीत तसेच राहतात आणि ईगल्स या आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाने यंदाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कॉलेजच्या कोणत्या खेळाडूला निवडावे यावर एरवी शांत असणारी माणसेही आवाज चढवतात. हा वाद मला मनापासून आवडतो. म्हणूनच दरवर्षी तो त्याच त्या चार-पाच ठिकाणी अडून बसतो, हे पाहून वाईटही वाटते.

नव्याने खेळ पाहू लागलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधले ३२ संघ सात फेऱ्यांमध्ये कॉलेजच्या खेळाडूंची निवड करतात आणि आदल्या मोसमात सर्वांत मागे राहिलेल्या संघाला प्रत्येक फेरीत आधी संधी मिळते. ही पद्धत सुचवली ती ईगल्सचेच तेव्हाचे मालक बर्ट बेल यांनी, आणि पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी झाला तोही फिलाडेल्फियातच. इतिहासातली पहिली निवडही ईगल्सचीच होती : शिकागो विद्यापीठाचा जे बर्वांगर, त्या काळचा कॉलेजमधला सर्वांत नावाजलेला खेळाडू. तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही.

नाव मोठे म्हणून निवड योग्य, असे समजणे

वादातली सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग चूक ही आहे आणि तिचे ठळक उदाहरण आपल्याच चाहत्यांनी घालून दिले आहे. १९९९ मध्ये ईगल्सकडे दुसऱ्या क्रमांकाची निवड होती. टेक्सासचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) रिकी विल्यम्स आदल्याच वर्षी कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडक जिंकून आला होता आणि शहराला तोच हवा होता. फिलाडेल्फियाहून चाहत्यांचा एक जथा बसने खास न्यूयॉर्कला गेला, आणि ईगल्सने सिरॅक्यूजचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) डॉनोव्हन मॅकनॅब याचे नाव जाहीर करताच त्यांनी त्याची भर सभागृहात हुर्यो उडवली. एका तरुणाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण आपल्या माणसांच्या हुर्योने डागाळला, याची मला आजही खंत वाटते. मॅकनॅबने पुढे संघाला पाच वेळा एनएफसी या लीगच्या दोनपैकी एका गटाच्या अंतिम सामन्यात आणि एकदा सुपर बोल या विजेतेपदाच्या सामन्यात नेले.

मात्र येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक जण ही कथा अर्धीच सांगतात. त्या चाहत्यांनी खेळाडू ओळखण्यात चूक केली नव्हती. विल्यम्स खरोखरच चांगला होता. २००२ मध्ये मायामीकडून खेळताना धावून सर्वाधिक यार्ड मिळवण्याचा मान त्यालाच मिळाला. उलट, त्या वर्षी पहिल्या फेरीत गेलेल्या पाच क्वार्टरबॅकपैकी टिम काउच, अकिली स्मिथ आणि केड मॅकनाउन हे तिघे अपेक्षेला उतरले नाहीत. चूक झाली ती किंमत मोजण्यात. न्यू ऑर्लिन्सच्या संघाने पाचव्या क्रमांकावर विल्यम्सला मिळवण्यासाठी त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या निवडी, म्हणजे खेळाडू निवडण्याच्या संधी, दुसऱ्या संघाला दिल्या आणि वर पुढच्या वर्षीची पहिल्या व तिसऱ्या फेरीची निवडही दिली. एका रनिंग बॅकसाठी एवढे देऊनही त्या मोसमात तो संघ उभा राहिला नाही. ‘हा खेळाडू चांगला आहे का?’ हा ड्राफ्टमधला प्रश्नच नव्हे. ‘या क्रमांकावर याला घेतले तर आपण कोणाला आणि कशाला मुकतो?’ हा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारला गेला नाही की वाद केवळ आवडीनिवडीचा उरतो.

जागेची किंमत हा त्याच प्रश्नाचा भाग आहे. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारापासून नवोदित खेळाडूचे मानधन तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला त्यावरून ठरते; करार चार वर्षांचा असतो आणि पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या बाबतीत पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हाती राहतो. म्हणजे खुल्या बाजारात ज्या जागेचा खेळाडू अतिशय महाग पडतो, तो क्वार्टरबॅक, टॅकल (क्वार्टरबॅकचे रक्षण करणारा) किंवा पास रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू) ड्राफ्टमधून मिळाला तर संघाचे वाचणारे पैसे खूप असतात. रनिंग बॅक बाजारात तुलनेने स्वस्त मिळतो. न्यूयॉर्क जायंट्सने २०१८ मध्ये सॅक्वॉन बार्कलीवर दुसऱ्या क्रमांकाची निवड खर्च केली. ईगल्सने त्यालाच २०२४ मध्ये एकही निवड न देता, तीन वर्षांच्या करारावर आणले आणि त्या मोसमात तो २,००५ यार्ड धावला. एखादा मित्र पहिल्या फेरीत रनिंग बॅक मागू लागला, तर त्याच्यापुढे हे दोन व्यवहार शेजारी शेजारी ठेवावेत.

यंदाचे भोक बुजवण्याचा हट्ट

‘आपल्याला रिसीव्हर (पास झेलणारा) नाही, म्हणून रिसीव्हरच घ्या’ हे वाक्य ऐकायला शहाणपणाचे वाटते. २०२० मध्ये ईगल्सला खरोखरच वेगवान रिसीव्हर हवा होता आणि २१ व्या क्रमांकावर त्यांनी जेलन रेगरला घेतले. लगेच पुढच्या, २२ व्या क्रमांकावर मिनेसोटाने जस्टिन जेफरसनला घेतले. त्याने पहिल्याच मोसमात १,४०० यार्ड केले, तर रेगरला ईगल्सने दोन मोसमांनंतर दुसऱ्या संघाला देऊन टाकले. गरज दोघांनीही भागली असती. पण वेग हवा, वेग हवा असा घोष मनात असला की गरजेच्या चौकटीत बसणारा खेळाडू प्रत्यक्षाहून मोठा दिसू लागतो.

त्याच ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत, ५३ व्या क्रमांकावर, संघाने ज्याची काहीच गरज दिसत नव्हती असा खेळाडू घेतला : क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स. कार्सन वेंट्झचा करार वर्षापूर्वीच चार वर्षांनी वाढवलेला होता. मी दरवर्षी ड्राफ्टची एक वही ठेवतो. तिच्यात त्या रात्री ५३ या आकड्यापुढे मी ‘वाया गेली’ असे लिहिले होते. वर्षभरात वेंट्झ इंडियानापोलिसला गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोलमध्ये ईगल्सने कॅन्सस सिटीला ४०–२२ असे हरवले तेव्हा सामन्याचा मानकरी हर्ट्स होता. माझा चुकीचा हिशेब एकाच गोष्टीमुळे झाला होता : मी येत्या सप्टेंबरचा संघ पाहत होतो, तर निवडलेला खेळाडू किमान चार वर्षांसाठी येत असतो.

यावर उपाय सोपा आहे. वाद गरजेवर अडला की संघातल्या प्रत्येक जागेपुढे सध्याच्या खेळाडूचे वय आणि कराराची उरलेली वर्षे लिहून काढावीत. आज भक्कम दिसणारी जागा दोन वर्षांत रिकामी होणार असेल तर तीही गरजच आहे. २०११ मध्ये गार्डची (आक्रमणाच्या पुढच्या ओळीतल्या खेळाडूची) जागा तातडीने भरायची म्हणून पहिल्या फेरीत २३ व्या क्रमांकावर डॅनी वॉटकिन्सला घेतले गेले. तो तेव्हाच २६ वर्षांचा होता आणि दोन मोसमांनंतर त्याला सोडून देण्यात आले. त्याच ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत, १९१ व्या क्रमांकावर, जेसन केल्सी मिळाला आणि तो १३ मोसम ईगल्सच्या त्याच ओळीच्या मधोमध उभा राहिला.

कॉलेजचे आकडे जसेच्या तसे उचलणे

कॉलेजचा आणि व्यावसायिक खेळ टीव्हीवर सारखाच दिसतो, पण नियमांत फरक आहेत आणि ते आकड्यांत उतरतात. कॉलेजमध्ये झेल घेताना एक पाय मैदानात असला तरी पुरतो, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. कॉलेजच्या मैदानावर हॅश मार्कमधले, म्हणजे चेंडू ज्यांच्या दरम्यान ठेवून खेळ सुरू होतो त्या खुणांच्या दोन ओळींमधले, अंतर ४० फूट असते, एनएफएलमध्ये ते साडेअठरा फूट आहे. त्यामुळे कॉलेजमध्ये चेंडू एका कडेला असला की दुसऱ्या बाजूला आक्रमणाला मोठी मोकळी जागा मिळते, जी पुढे मिळत नाही. कडेरेषेवरचे नेत्रदीपक झेल आणि मोकळ्या बाजूला मिळवलेले यार्ड पाहताना हे लक्षात ठेवावे.

निवडक क्षणांच्या चित्रफितीवर मत बनवू नये. पूर्ण सामना पाहावा. त्यातही चेंडूच्या मागे नजर धावू देऊ नये. समजा, एखाद्या टॅकलविषयी वाद आहे. मग चेंडू सुटण्यापूर्वीच त्याच्या पायांवर नजर ठेवावी. पास रशर बाहेरून वळसा घालतो तेव्हा याचे पाऊल लहान आणि जमिनीलगत पडते की तो पाय ओलांडून धडपडतो? पहिला धक्का बसल्यावर कंबर खाली राहते की छाती पुढे झुकते? तिसऱ्या सत्रात, दमल्यावरही, हात तसेच आतल्या बाजूने पडतात का? असे चाळीस डाव पाहिले की त्या खेळाडूविषयी जे कळते, ते कोणत्याही तक्त्यातून कळत नाही. वेळ लागतो, पण पाहणाऱ्याच्या बोलण्याला त्यानंतर वेगळेच वजन येते.

कम्बाइनच्या घड्याळावर विसंबणे

दरवर्षी इंडियानापोलिसला भरणाऱ्या कम्बाइनमध्ये ४० यार्डांची धाव, उभी उडी, वजन उचलणे अशा चाचण्या होतात. बोस्टन कॉलेजचा पास रशर माइक मामुला १९९५ मध्ये या चाचण्यांची खास तयारी करून आला आणि सर्वांचे डोळे दिपले. त्याच्यासाठी ईगल्स बाराव्या क्रमांकावरून सातव्यावर गेले आणि त्या अदलाबदलीत दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी टँपा बेला दिल्या. टँपाने बाराव्या क्रमांकावर वॉरन सॅपला घेतले आणि हाती आलेल्या जादा निवडींच्या बळावर वर सरकून डेरिक ब्रूक्सलाही मिळवले. हे दोघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. मामुला निकामी होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, पाच मोसमांत त्याने साडेएकतीस सॅक केले (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडले). पण तेवढ्यासाठी एवढे देणे योग्य नव्हते.

मापांची भीती उलट्या बाजूनेही फसवते. २०२१ मध्ये अलाबामाचा रिसीव्हर डेव्होंटा स्मिथ तपासणीच्या वेळी १६६ पौंडांचा भरला आणि एवढ्या हलक्या अंगाचा मुलगा टिकेल का, अशी शंका घेतली गेली. पूर्ण सामने पाहिले असते तर तो अंगावर येणाऱ्या बचावपटूला कसा चुकवतो हे दिसले असते.

स्मिथच्या निवडीतून अदलाबदलीचा हिशेबही शिकता येतो. डॅलसचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, प्रत्येक क्रमांकाला गुण देणारा एक तक्ता तयार झाला. त्यात पहिली निवड ३,००० गुणांची, दहावी १,३०० ची, बारावी १,२०० ची आणि ८४ वी १७० ची आहे. स्मिथला मिळवण्यासाठी ईगल्सने बारावी आणि ८४ वी देऊन दहावी घेतली. म्हणजे १,३७० देऊन १,३०० घेतले. जायंट्स अकराव्या क्रमांकावर उभे होते, त्यांच्या पुढे जाण्यासाठी ७० गुण जास्त मोजले गेले. ‘फार दिले’ किंवा ‘फुकटात मिळाला’ असे म्हणण्याऐवजी हे सत्तर गुण योग्य होते का, यावर बोलावे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की संघ वरच्या निवडींना त्यांच्या खऱ्या मोलापेक्षा जास्त किंमत देतात, आणि एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधीचा सरस निघण्याची शक्यता साधारण ५२ टक्के, म्हणजे नाणेफेकीहून जरा जास्त असते. वर सरकण्यासाठी हट्ट धरणाऱ्याला ही टक्केवारी जरूर सांगावी.

दुखापतीविषयी वैद्यकीय अहवाल हाती नसताना ठाम बोलणे ही छोटी, पण नेहमीची चूक आहे. मार्च २०१७ मध्ये चाचणीच्या दिवशी बचावपटू सिडनी जोन्सची टाच-शीर तुटली आणि तो ४३ व्या क्रमांकावर ईगल्सला मिळाला, तेव्हा पहिल्या फेरीचा माल दुसऱ्या फेरीच्या दरात आला, असा आनंद झाला होता. तो येथे स्थिरावला नाही. २०२१ मध्ये वारंवार जखमी झालेल्या लँडन डिकरसनला ३७ व्या क्रमांकावर घेतल्यावर तीच धास्ती वाटली, आणि तो गार्ड म्हणून प्रो बोल या मोसमातल्या उत्तम खेळाडूंच्या सन्मानापर्यंत पोहोचला. तसेच, पुढे सर्वांत नावाजलेला क्वार्टरबॅक ठरलेला टॉम ब्रेडी सहाव्या फेरीत मिळाला होता हा दाखला कोणत्याही फसलेल्या निवडीच्या बचावासाठी वापरू नये. त्याला निवडणाऱ्या संघानेही आधीच्या पाच फेऱ्यांत त्याला सोडून दिलेच होते.

त्याच रात्री गुण देणे

ड्राफ्ट संपण्यापूर्वीच निकाल लावायची घाई आपण सगळेच करतो. सिडनीत रग्बी लीग खेळणाऱ्या जॉर्डन मेलाटाने २०१८ पर्यंत अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. ईगल्सने त्याला सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर घेतले आणि पहिले दोन मोसम तो मैदानात उतरलाच नाही. त्या काळात कोणी गुण दिले असते तर शून्यच दिले असते. २०२० पासून डावा टॅकल म्हणून तो खेळू लागला.

म्हणून आता वहीत मी प्रत्येक निवडीपुढे तीनच गोष्टी लिहितो : कोणाला घेतले, त्या क्षणी आणखी कोण उपलब्ध होते, आणि तीन वर्षांनंतरची तारीख. शेऱ्याचा रकाना त्या तारखेलाच भरायचा, आणि तोही मित्रांसमोर वही उघडून. २०२४ च्या पानावर ४० व्या क्रमांकापुढे आयोवाच्या कूपर डिजीनचे नाव आहे. आपल्या बाविसाव्या वाढदिवशी सुपर बोलमध्ये त्याने कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याचा पास अडवून ३८ यार्ड धावत टचडाउन केले, तेव्हा आमच्या घरातले सगळे उभे राहून ओरडत होते. त्याच्या पुढचा रकाना मात्र मी अजून भरलेला नाही. तिथे एप्रिल २०२७ एवढेच लिहिलेले आहे.