युकुलेलेच्या खुंट्या बदलताय? या चुका टाळा

स्वस्तातलं युकुलेले (चार तारांचं, छोट्या गिटारसारखं वाद्य) सुरात राहत नाही म्हटलं की लोक आधी नवे ट्यूनर, म्हणजे तार ताणायच्या खुंट्या, मागवतात. दोष खुंटीचाच आहे का, हे तपासायचं कुणालाच सुचत नाही. नव्या नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस ताणल्या जातात आणि उतरतातच. त्यावर महागातला ट्यूनरही उपाय नाही. तार चढवताना ‘टिंक’ असा आवाज होऊन स्वर एकदम उडी मारत असेल, तर ती नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचेत अडकतेय. तिथे मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. आणि साध्या फ्रिक्शन (गिअर नसलेल्या, नुसत्या घर्षणावर धरणाऱ्या) खुंट्या असतील तर बटणाच्या टोकाला एक स्क्रू असतो, तो पाव फेरा आवळून बघा. माझ्याकडे आलेल्या ‘बाद’ खुंट्यांपैकी कितीतरी एवढ्यावरच सुधारल्या.

तरी बदलायच्या असतील तर जरूर बदला. फ्रिक्शन खुंटीत बटण जेवढं फिरतं तेवढाच दांडा फिरतो, त्यामुळे कान जरा जास्त पिळला की स्वर कुठल्या कुठे जातो. १४:१ च्या गिअरमध्ये बटणाचे चौदा फेरे झाले की दांड्याचा एक. नवशिक्याला हे वरदानच आहे. फक्त मागवण्याआधी भोकाचा व्यास आणि हेडस्टॉकची (मानेच्या टोकाला खुंट्या बसतात त्या भागाची) जाडी कॅलिपरने मोजा. फोटो बघून ‘बसेल’ म्हणणाऱ्यांची मला आता कीवही येत नाही.

आता भोकाचं. नवा ट्यूनर बसत नाही म्हणून थेट ड्रिल लावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती मी स्वतः केलेली आहे. भोकं होती ६ मिमीची, हवी होती ८ ची. पहिली तीन छान झाली, म्हणून चौथ्याला क्लॅम्प लावायचा कंटाळा केला. आधीच भोक असलं की ड्रिलच्या टोकाला धरायला मधे लाकूडच नसतं; पात्याची धार कडेला चावते आणि बिट स्वतःच आत खेचलं जातं. हातातलं युकुलेले गर्रकन फिरलं आणि हेडस्टॉकच्या दर्शनी पापुद्र्याचा नखाएवढा टवका उडाला. तो जमिनीवर शोधून चिकटवला, पण सांधा आजही उजेडात दिसतो.

तेव्हापासून मी हातानेच रीमर, म्हणजे भोक रुंद करायचं हत्यार, फिरवतो. दोन फेरे, ट्यूनर घालून बघायचा, पुन्हा दोन फेरे. रीमर निमुळता असतो, म्हणून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं, आणि शेवटी मधला उंचवटा गोल कानशीने. रीमर नसेल तर पेन्सिलीला सँडपेपर गुंडाळा. चार भोकांना अख्खी संध्याकाळ जाते, जाऊ द्या. ज्यांना दहा मिनिटांत उरकायचं असतं तेच नंतर टवका चिकटवायला गोंद शोधत फिरतात.

ट्यूनर मागून धरून ठेवणारे स्क्रू अगदी बारीक असतात. आधी छिद्र न पाडता नुसता जोर लावला की डोकं तुटून हातात येतं आणि उरलेला भाग लाकडात राहतो. तो काढताना जे हाल होतात ते विचारू नका. स्क्रूपेक्षा किंचित बारीक बिट घ्या, खोलीच्या खुणेसाठी त्यावर टेप गुंडाळा, आणि स्क्रूच्या आट्यांवर मेण किंवा साबण फिरवा. जुनी छिद्रं नको तिथे आली तर टूथपिक आणि लाकडाचा गोंद.

ट्यूनरचं पुढून आवळायचं नट पान्याने करकचून पिळू नका, मऊ लाकूड दबतं. दोन ट्यूनर डावीकडचे, दोन उजवीकडचे असतात, लावायच्या आधी मांडून बघा. गिटारचे जड ट्यूनर सोप्रानोला (लहान आकाराच्या युकुलेलेला) लावाल तर वाजवताना त्याची मान खाली झुकत राहील.

तारेचे वेढे दोन-तीन पुरेत, एकाखाली एक. आणि गिअर असला तरी स्वर वर गेला म्हणून नुसता खाली आणून थांबू नका. थोडा जास्तच उतरवा आणि खालून वर चढवत स्वरावर आणा, म्हणजे दात्यांमधला ढिलेपणा निघून जातो.