कंपनीच्या नावावरील व्हॅनचा विमा
कंपनी लहान असली, तिचे सगळे शेअर एकाच माणसाकडे असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ती त्या माणसाहून वेगळी व्यक्ती असते. म्हणून व्हॅन कंपनीच्या मालकीची असेल तर पॉलिसीवर विमाधारक म्हणून संचालकाचे नव्हे, कंपनीचेच नाव, नोंदणीत आहे तसे, असावे. प्रस्तावात वापर नेमका लिहावा: स्वतःचा माल नेणे आणि भाडे घेऊन दुसऱ्याचा माल पोहोचवणे ही विमा कंपनीच्या लेखी दोन वेगळी जोखीम आहे, आणि माझ्या मते दावा अडकण्याची सर्वाधिक भीती याच एका ओळीत असते. व्हॅन चालवणाऱ्या प्रत्येकाची माहिती द्यावी. मागे ठेवलेली ड्रिल मशीन, पाने, केबलची भेंडोळी वाहनविम्यात सहसा येत नाहीत. त्यांचा विमा वेगळा उतरवावा.